इथे राजकारण काढू नये

माहीमकडून दादरला येताना सेनापती बापट मार्गाला, म्हणजे आमच्या तोंडच्या तुळशी पाइप रोडला, रेल्वेच्या कडेने एक लांबच लांब भिंत लागते. २००९ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने ती लोकांना रंगवायला दिली होती. वांद्र्याच्या गल्ल्यांतून ‘वॉल प्रोजेक्ट’ या नावाने भिंती रंगवणारी तरुण मंडळी त्यात पुढे होती. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास शेकडो माणसे रंगाचे डबे घेऊन फुटपाथवर उतरली. त्यांत शिकलेले चित्रकार होते, तसे शाळा सुटल्यापासून ब्रश हातात न धरलेलेही होते. पालिकेच्या अटी चारच. जाहिरात नको, अश्लील काही नको, धर्म नको आणि राजकारण नको.

पहिल्या दोन अटींबद्दल कोणाचे दुमत असायचे कारण नाही. तिसरीमागची भीती १९९२-९३ पाहिलेल्या शहराला समजावून सांगावी लागत नाही. चौथीशी मात्र माझे आजही भांडण आहे. या अटीने ‘पाणी वाचवा’ चालते, पण कोणत्या वस्तीला किती तास पाणी येते ते काढता येत नाही. ‘झाडे लावा’ चालते, झाडे कोणाच्या सहीने तुटली ते नको. म्हणजे लोकांनी लोकांना उपदेश करायला हरकत नाही, लोकांनी वरच्यांना प्रश्न विचारायला आहे.

आणि हे कोणाच्या नावाच्या रस्त्यावर? पांडुरंग महादेव बापट यांच्या. बॉम्ब करायची कृती शिकून विलायतेहून परतलेला, १९२१ पासून मुळशीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह करणारा आणि त्या लढ्यातच ‘सेनापती’ झालेला हा माणूस. हाच माणूस पारनेरला पहाटे उठून गावचे रस्ते झाडत असे. झाडलोट आणि सत्याग्रह ही दोन वेगळ्या खात्यांची कामे आहेत असे त्यांना कधी वाटले नाही. पालिकेला वाटले. शहर स्वच्छ दिसावे म्हणून आधी त्यातले राजकारण पुसावे, ही समजूत त्या चार अटींत आहे आणि ती पालिकेपुरती नाही. आपल्यातल्या पुष्कळ भल्या माणसांची तीच समजूत आहे. ‘किती छान रंगवलंय, आणि राजकारण नाही हं कुठे’ असे म्हणणारे मला कट्ट्यावर रोज भेटतात.

आता थोडे पूर्वेला, पुलापलीकडे जाऊ. परळ, लालबाग, चिंचपोकळी. गिरण्या चालू होत्या तेव्हा या भागात भिंतींना तोटा नव्हता. उंच, काळ्या दगडाच्या, रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझे मामा लालबागला राहत आणि साचेखात्यात होते. रात्रपाळी नसेल तेव्हा ते भिंती रंगवायला जात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या त्या रात्रींच्या गोष्टी ते म्हातारपणी रंगवून सांगत. तिघांची टोळी असे. पहिला चुन्याचा पट्टा मारत पुढे जाई. मागून अक्षरे काढणारा, गेरूचा डबा आणि काथ्याचा कुंचला घेऊन. तिसरा कोपऱ्यावर उभा राही. पोलिसांची गाडी दिसली की त्याने खोकायचे. मामांचे काम खोकायचे होते, कारण त्यांचे अक्षर वाईट.

अक्षरे काढणारा कितीही कसलेला असला तरी अंधारात त्याला भिंतीचा अंदाज येत नसे. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ एवढे ऐसपैस लिहून व्हायचे आणि ‘झालाच पाहिजे’ला भिंत उरायची नाही. मग ‘पाहिजे’ दाटीवाटीने, उतरत्या ओळीत, एखाद्या पन्हळीला वळसा घालून यायचे. मामा म्हणत, सकाळी कामावर जाताना लोक आधी त्या ‘पाहिजे’ला हसत आणि मग वाचत. मला यात भिंतीच्या लिखाणाचे सगळे शास्त्र दिसते. ते घाईत लिहिलेले असते, लिहिणाऱ्याच्या पोटात भीती असते आणि ते दोन्ही अक्षरांत उतरते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला आणि १५ माणसे गेली. लढा संपेपर्यंत हुतात्म्यांचा आकडा १०६ वर गेला. मुंबईतल्या मोठ्या इंग्रजी दैनिकांचा सूर या मागणीच्या विरोधात होता. अशा वेळी गिरणीच्या भिंतीवरचे गेरूचे अक्षर म्हणजे बिनभांडवलाचे वर्तमानपत्र होते. छापखाना नको, कागद नको, आणि खप मोजायचा तर तीन पाळ्यांचे भोंगे मोजावेत.

१८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले तेव्हाही याच भिंती होत्या. संप संपल्याचे कोणी रीतसर जाहीर केले नाही, तो विरत गेला. आणि त्याच्यामागोमाग भिंतीही गेल्या. गिरण्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या आणि मनोरे आले. या इमारतींना रस्त्याकडे तोंड करून काच असते. काचेवर चुना बसत नाही आणि गेरू ओघळतो. गिरणगावाच्या बदलावर एवढे लिहिले गेले, माणसे कुठे फेकली गेली त्याचा हिशेब झाला, पण सामान्य माणसाला लिहायला जागा उरली नाही याची नोंद कोणी फारशी घेतलेली नाही.

भिंतीवर लिहायची हौस फक्त चळवळवाल्यांना होती असे मात्र कोणी समजू नये. या देशातला सर्वांत मोठा भिंत-चित्रकार म्हणजे सरकार. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवा. खेड्यातल्या चावडीपासून मुंबईच्या दवाखान्यापर्यंत तो रंगवलेला होता. आणीबाणीत ‘बातें कम, काम ज़्यादा’ लिहिले गेले, आणि तेही अशा काळात, जेव्हा बातें करणारे तुरुंगात होते. त्याला कोणी विद्रूपण म्हटले नाही. निवडणूक चिन्हांचेही तसेच. १९५१ च्या जनगणनेत शंभरातली अठराच माणसे साक्षर होती, म्हणून बैलजोडी, झोपडी, पणती, कणीस-विळा अशी चित्रे मतपेटीवर आली आणि तिथून भिंतीवर. आपली लोकशाही भिंतीवरच्या चित्रांनी अक्षर गिरवायला शिकली म्हटले तर फारसे चुकायचे नाही. पश्चिम बंगालमध्ये निवडणुकीच्या दिवसांत अजूनही भिंतीवर व्यंगचित्रे काढतात, समोरच्या पक्षाला चारोळ्यांतून टोमणे मारतात. आपल्याकडे ती हौस पूर्वी होती. व्यंगचित्रकाराने काढलेल्या साप्ताहिकातून जिथे एक अख्खा पक्ष उभा राहिला, त्या शहरात ती नसती तरच नवल.

मग ती गेली कुठे? एक उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम १९९५ सालचा. लोकांच्या नजरेस पडेल अशी जागा विद्रूप केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दशकात शेषन साहेबांनी निवडणूक आयोगाचा दंडुका उगारला आणि भिंती रंगवण्यावर लगाम आला. हे सगळे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या घराच्या भिंतीवर त्याला न विचारता आपला पंजा किंवा कमळ काढून जाणे ही दांडगाईच होती, आणि ती सहसा गरिबाच्या घरावर चाले.

पण खरे उत्तर कायद्यापेक्षा फ्लेक्समध्ये आहे. संगणकावर छपाई स्वस्त झाली आणि नाक्यानाक्यावरचा पेंटर बसला. पेंटर हा हात राखून का होईना, मजकूर विचारून लिहिणारा माणूस होता. ‘साहेब, एवढं मोठं वाक्य बसायचं नाही, काहीतरी कमी करा’ असे तो म्हणे, आणि कार्यकर्त्याला आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे याचा विचार करावा लागे. फ्लेक्सला कसलीच मर्यादा नाही. वर मोठ्या साहेबांचा चेहरा, मध्ये वाढदिवस असलेल्याचा पुरा देह, हात जोडून किंवा मोबाइल कानाला लावून, खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोंची रांग. मजकूर म्हणाल तर ‘कार्यसम्राट’, ‘भावी नगरसेवक’, ‘हार्दिक शुभेच्छा’. गोखले रोडवरून, रानडे रोडवरून चालत जा आणि दहा फ्लेक्स वाचा. पाण्यावर, भाड्यावर, शाळेवर, दवाखान्यावर त्यांत एक ओळ सापडली तर मला कळवा. भिंतींवरून राजकारण गेले आणि राजकारणी राहिले. पालिकेने २००९ मध्ये घातलेली चौथी अट सगळ्या पक्षांनी न सांगता पाळली आहे.

बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर सविस्तर निकाल दिला, पालिकांना कानपिचक्या दिल्या. त्यानंतरही न्यायालयाला पुन्हा पुन्हा विचारावे लागले की तुमचे लोक ऐकत का नाहीत. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला. चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना तो एकशेवीस बाय एकशेवीस होता. त्याखाली १७ माणसे मेली. गेरूने लिहिलेल्या घोषणेखाली दबून कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. तरी विद्रूपण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो कोळशाने लिहिणारा पोरगा.

याच नजरेतून पुढे सौंदर्यीकरण आले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत सुमारे १,७०० कोटी रुपयांचा सौंदर्यीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला गेला. पुलांखाली रंग, भिंतींवर चित्रे, विजेच्या खांबांना दिव्यांच्या माळा. त्याआधी ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे आपल्या वॉर्डात कोणती भिंत, कोणते चित्र, कोणत्या पैशाने, हे विचारायला निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. त्या चित्रांतली काही चांगली आहेत, हे मोकळेपणी सांगतो. डबेवाला आहे, कोळीण आहे, क्रिकेट खेळणारी पोरे आहेत. पण त्या कोळणीला बसायला बाजारात जागा आहे की नाही, हे चित्र विचारत नाही. विचारणार नाही याची खात्री होती म्हणूनच ते काढून घेतले गेले.

सरकारी पैशाने काढलेले चित्र मिळमिळीतच असते असा काही निसर्गनियम नाही. मेक्सिकोत क्रांतीनंतर, १९२१ पासून, वास्कोन्सेलोस या शिक्षणमंत्र्याने सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना दिल्या. दिएगो रिव्हेराने त्यांवर शेतमजूर, जमीनदार, पाद्री आणि भांडवलदार असे सगळेच उभे केले. पैसे सरकारचे, भिंत सरकारची आणि भांडण जनतेचे. आपल्याकडे पैसे जनतेचे, भिंत जनतेची, आणि भांडण तेवढे नको. दुसऱ्या टोकाला सीरियातले दरा गाव आहे. २०११ च्या सुरुवातीला तिथल्या शाळकरी मुलांनी शाळेच्या भिंतीवर राज्यकर्त्याविरुद्ध चार शब्द लिहिले. त्यांना पकडून छळले गेले, आईबाप रस्त्यावर आले आणि पुढे देश पेटला. भिंतीवरच्या अक्षराला राज्यकर्ते किती भितात हे तिथे कळले. आपल्या भिंतींवर आता भिण्यासारखे काही उरलेले नाही, याला प्रगती म्हणावे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. भिंतीला संपादक नसतो. ज्या गिरणगावाच्या भिंतींवर ‘झालाच पाहिजे’ होते, त्याच भागात दहा वर्षांच्या आत ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ घुमू लागले. घाईत लिहिणारा प्रत्येक जण अन्यायाविरुद्धच लिहितो असे नाही. कधी शेजाऱ्याविरुद्ध लिहितो. आणि कधी काही लिहीतही नाही, नुसता चिखल किंवा रंग फेकतो. शिवाजी पार्कातल्या मीनाताई ठाकरे यांच्या पुतळ्याला २००६ च्या जुलैत चिखल फासला गेला आणि शहरात जाळपोळ झाली. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच पुतळ्यावर लाल रंग टाकला गेला. त्यात मत नव्हते, भाष्य नव्हते, वाचायला एक अक्षर नव्हते. अशा रंगाची वकिली मी करणार नाही, आणि द्वेषाची तर नाहीच. त्यासाठी फौजदारी कायदे आहेत आणि ते पुरेसे कडक आहेत.

पण संपादक नसलेल्या भिंतीवर आपल्याच भागाने एक फार चांगला उपाय काढला होता. तो म्हणजे फळा. दादर, गिरगाव, परळमध्ये शाखेबाहेर, युनियनच्या कचेरीबाहेर, व्यायामशाळेच्या दारात, चाळीच्या तोंडाशी काळा फळा असे. काही अजून आहेत. सकाळी कोणीतरी ओल्या फडक्याने कालचे पुसायचे आणि खडूने आजचे लिहायचे. त्यात नळाच्या वेळा असत, मयताची बातमी असे, दहावीच्या पोराचे अभिनंदन असे आणि मंत्र्याला टोला असे. खाली मंडळाचे किंवा शाखेचे नाव. लिहिणारा कोण हे सगळ्या गल्लीला ठाऊक. चुकीचे लिहिले तर वाचणारा तिथेच बाही धरून विचारी, ‘काय रे, हे काय लिहिलंस?’ भिंतीचे स्वातंत्र्य आणि संपादकाची जबाबदारी एका फळ्यात होती, आणि लिहिलेले दुसऱ्या दिवशी पुसले जात असल्यामुळे कोणाला फार मोठेपणाही येत नसे. जगातल्या रस्त्यावरच्या कलेची पुस्तके निघतात, त्यांत न्यूयॉर्कच्या लोकल गाड्या असतात, बर्लिनची भिंत असते. आमचा खडूचा फळा मला अजून त्यांत दिसलेला नाही.

गणपतीचे देखावे हाही याच घराण्यातला प्रकार. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आणि लालबाग-परळला मंडळांची दाटी. मूर्ती हे निमित्त, देखावा हे भाष्य, अशी कित्येक मंडळांची रीत होती. महागाई, हुंडा, भ्रष्टाचार, बंद गिरण्या असे सगळे पुठ्ठ्या-थर्माकोलात उभे राही आणि ध्वनिमुद्रित आवाज ते समजावून सांगे. आता मंदिरांच्या प्रतिकृती आणि दर्शनाची रांग. ज्यांनी जुनी रीत सोडली नाही त्यांचे काय होते ते २०२२ मध्ये कल्याणला दिसले. विजय तरुण मंडळाने शिवसेनेतल्या फुटीवर देखावा केला. गणेश चतुर्थीच्या दिवशी पोलिसांनी तो उचलला. मंडळ उच्च न्यायालयात गेले आणि काही भाग गाळून देखावा लावायची परवानगी मिळाली. पक्ष फुटला, सरकार पडले, हे सगळे रोज टीव्हीवर चालू होते. तेच पुठ्ठ्यावर आले तेव्हा सुव्यवस्थेला धोका झाला.

शिवाजी पार्काचे तर वेगळेच. १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुले झालेले हे मैदान. अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या, ३० ऑक्टोबर १९६६ चा शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा इथे झाला. मैदानाभोवती भिंत नाही, बसण्याच्या उंचीचा कट्टा आहे. कट्ट्यावर लिहायला जागा नाही, तिथे बोलायचे असते. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला, पुढे वर्षातले ४५ दिवस खेळाखेरीजच्या कार्यक्रमांना सरकारने ठरवून दिले. रहिवाशांचा त्रास खरा होता, मीही त्या लाउडस्पीकरांना कावलेला आहे. मात्र सभा कमी झाल्यावर त्या जागी काय आले? सेल्फी पॉइंट. २०१७ च्या पालिका निवडणुकीनंतर तो कोणाचा यावरून पक्षांत जुंपली होती. ज्या मैदानावर राज्य कोणाचे यावर वाद झाले, तिथे फोटो काढायच्या जागेवरून झाला.

वर्षातून एकदा मात्र हाच परिसर सगळ्या अटी मोडतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. मैदानात आणि फुटपाथवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, कॅलेंडरे, तसबिरी, बिल्ले, पोस्टरे मांडलेली असतात. निळा कोट, चष्मा, हातात संविधान, उचललेले बोट. हे चित्र कोणत्या कलाप्रकल्पाने काढून घेतलेले नाही. ते वस्तीच्या तोंडाशी, चाळीच्या जिन्यात, रिक्षाच्या मागे लोकांनी स्वतः काढले आणि जिथे काढले तिथे ‘ही जागा आमचीही आहे’ हे सांगितले. यापेक्षा जास्त राजकीय चित्र आज भारतात दुसरे नसेल. २००९ च्या अटीप्रमाणे चैत्यभूमीपासून पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवरच्या त्या भिंतीवर ते काढायचे म्हटले तर परवानगी कोणत्या कलमाखाली मागायची?

माझ्या रोजच्या वाटेवर एक चाळ पुनर्विकासाला गेली आहे. पाडून बरीच वर्षे झाली, वर काही उठलेले नाही. भोवती पत्रे आहेत आणि पत्र्यांवर बिल्डरने होणाऱ्या मनोऱ्याची चित्रे चिकटवली आहेत. एका चित्रात गच्चीवरच्या पोहण्याच्या तलावाशी एक कुटुंब उभे आहे. बाई गोरीपान, पोराच्या हातात चेंडू. गेल्या वर्षी त्या तलावाच्या निळ्या पाण्यावर कोणीतरी जाड मार्करने लिहिले: ‘भाडं कधी देणार?’ अक्षर शाळेतल्यासारखे, नीट शिरोरेघ दिलेले. ‘देणार’चा ‘र’ तलाव ओलांडून पोराच्या चेंडूवर गेला होता. मी थांबून वाचत होतो तेव्हा शेजारी पिशवी घेतलेली एक बाई थांबली. ‘आमच्या बिल्डिंगचं आहे,’ ती म्हणाली. ‘सतरा महिने झाले.’ आणि निघून गेली.

दोन दिवसांनी त्यावर पांढरा रंग मारलेला होता, चौकोनी. पहिला हात सुकल्यावर खालचा मार्कर पुन्हा फुटून वर आला; जवळ गेले तर वाचता येत होते. मग नवे चित्र चिकटवले. महिन्याभरात त्यावरही तेच, त्याच अक्षरात.

दादर-परळमध्ये गेल्या काही वर्षांत मी पाहिलेले रस्त्यावरचे सगळ्यांत चांगले काम ते आहे. त्याला रंगसंगती नव्हती, प्रायोजक नव्हता, त्याचा फोटो कोणी छापला नाही. कोणाच्या पैशाने उभारलेल्या स्वप्नावर कोणाचे देणे थकले आहे, हे त्याने नेमक्या जागी लिहिले. कायद्याच्या भाषेत ते विद्रूपण होते, आणि तलाव, गोरी बाई, चेंडू, न बांधलेला मनोरा ही सारी मालमत्ता.

तुळशी पाइप रोडच्या भिंतीवरची २००९ ची चित्रे पावसांनी केव्हाच धुतली. पालिका ती भिंत आज ना उद्या पुन्हा रंगवायला देईल. तेव्हा अटींचा कागद जो कोणी तयार करील, त्याच्याकडे माझी एवढीच मागणी आहे, की त्यातून चौथी अट काढावी. पहिल्या तीन राहू द्याव्यात.